साडी नेसलेलं इंजिन

फोटो ग्रुपवर पडला तेव्हा उज्ज्वला महाजन दातांत पिन धरून केस बांधत होती. एका हाताने फोन उघडला, बघितलं, आणि पिन दातांतच राहिली. केस सुटले ते सुटलेच.

कुणीतरी कारखान्याच्या जाळीआडून काढलेला फोटो होता. नवीन डिझेल इंजिन. प्रवासी गाड्या ओढायला बनवलेलं, शेजारच्या देशाला विकायचं, पण पाठवण्याआधी आपल्या रुळांवर पळवून बघायचं. नाक पुढे आलेलं, काच तिरपी, अंग गर्द निळं. आणि त्या निळ्या नाकाखाली दोन्ही बाजूंनी वळून आलेली पिवळसर नक्षीची पट्टी. दोन पानं, मधे कपाशीचं बोंड.

उज्ज्वला सुरतेत पर्वत पाटिया भागात साड्यांच्या एका डिझाईन स्टुडिओत कॉम्प्युटरवर बॉर्डरी काढायची. दोरीवर वाळणाऱ्या पंचवीस कपड्यांत बाईला आपली ओढणी ओळखू येते, तशी तिला आपली रेघ ओळखू यायची. ही रेघ तिची होती. निदान तिच्या पोटाने तरी तसं सांगितलं. डोळ्यांनी अजून सही केली नव्हती.

पांडेसऱ्याच्या त्या दीड खोलीत तिची आई, धुरपदाबाई, चुलीपाशी... चूल कसली, गॅसपाशी भाकरी थापत होती. तिने विचारलं, "काय व्हयनं?" उज्ज्वला काही नाही म्हणाली आणि उलटी चप्पल घालून बाहेर पडली. कोपऱ्यावर गेल्यावर तिला ते कळलं.

रिक्षात बसेपर्यंत ग्रुप पेटला होता. उधन्याच्या रेल्वेवेड्यांचा हा ग्रुप. यात बँकेतले, लूमवरचे, कॉलेजातले, एक दाताचा डॉक्टर, सगळे. रुळावरून काहीही गेलं की यांना त्याचा नंबर पाहिजे, शेड पाहिजे, हॉर्नचा आवाज पाहिजे. तापी लाईनवर विजेच्या तारा आल्यापासून हे लोक डिझेलसाठी सुतक पाळून बसले होते. इतक्या वर्षांनी नवीन डिझेल बघायला मिळालं तर आनंदाने नाचायचं, पण नाही. रेल्वेवेड्याला नवीन काही आवडलं तर तो रेल्वेवेडा कसला. कुणी म्हणालं नाक आहे की टपालपेटी. कुणी म्हणालं काच एवढी तिरपी, ड्रायव्हर झोपून चालवणार काय. कुणाला जुन्या इंजिनाची चौकोनी ताकद आठवून गहिवर आला. कुणी लिहिलं, आपल्याकडे डिझेल मोडीत काढता आणि शेजाऱ्याला नटवून देता. त्यावर शंभर अंगठे. आणि मग सगळ्यांची नजर त्या पट्टीवर गेली.

योगराजने पहिला दगड मारला. योगराज इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेक्यावर होता, अमळनेरकडचा, तोंडाचा फाटका पण मनाचा साफ. त्याने अहिराणीत लिहिलं, "इंजिनले साडी नेसाडी दिन्ही भो." झालं. कुणी पदर कुठे आहे विचारलं, कुणी फॉल पिको कुठे केला. ग्रुपचा ॲडमिन प्रशांत, एका फायनान्स कंपनीत वसुलीला होता, बाप परभणीहून लूमवर आलेला. त्याने तर फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहून तो ग्रुपच्या सार्वजनिक पानावर टाकला: "हे इंजिन आहे की रुखवत?" दुपारपर्यंत तो सुरतच्या निम्म्या फोनांत फिरत होता.

उज्ज्वलाने काय केलं? हसणाऱ्या चेहऱ्याची एक बाहुली टाकली. सगळे हसतात तेव्हा आपणही हसायचं, नाहीतर लोक आपल्याकडे बघतात. बाहुली टाकल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली, पण काढून टाकली असती तर तेही दिसलं असतं.

गोष्ट अशी होती. या ग्रुपमध्ये एक रिवाज होता. दर रविवारी एखाद्या इंजिनाची नुसती बाह्यरेषा टाकायची आणि ज्याने त्याने आपल्या मनाचा रंग त्याला द्यायचा. गेल्या वर्षी उज्ज्वलाने जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओतल्या मशीनवर एक इंजिन रंगवलं होतं. गर्द निळं, आणि खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाशीच्या बोंडाची बॉर्डर. लहानपणी नंदुरबारला मामाकडे जाताना खिडकीतून इंजिन वळणावर दिसायचं आणि त्याच्या पलीकडे कपाशी फुटलेली असायची. दोन्ही एकत्र बघायची तिला सवय होती, एवढंच. प्रशांतने ते चित्र पानावर टाकलं, "झक्कास" म्हणाला, आणि खालचं उज्ज्वलाचं नाव कापून त्यावर ग्रुपचं नाव आडवं छापलं. तिने विचारलं तर म्हणाला, ताई, ग्रुप मोठा झाला की आपण सगळे मोठे. ती गप्प बसली. स्टुडिओतली मशीन नंतर बदलली, फाईल भंगारात गेली. पानावर तेव्हा मोठं, लख्ख दिसायचं, पण पुढे पानाने जुनी चित्रं बारीक करून टाकली; राहिलं ते टिकलीएवढं, धुरकट चित्र. त्यात पान की पाखरू तेही धड कळत नव्हतं.

म्हणजे हातात पुरावा नाही. पण एक खूण होती.

सुरतेत जो स्वतः डिझाईन काढतो, तो त्यात एक चूक पेरतो. मुद्दाम. बॉर्डरीत ठरावीक अंतरावर एक पाकळी कमी, एक ठिपका जास्त. उद्या बाजारात दुसऱ्याच्या साडीवर तीच चूक दिसली की समजायचं, घर फुटलं. उज्ज्वलाने आपल्या बॉर्डरीत ठरावीक अंतरावर एक पान उलटं केलं होतं. देठ वर, टोक खाली. ते दिसलं की बात खतम. पण ते इंजिनाच्या कुशीवर, बाजूच्या लांब पट्टीत असणार, नाकावर नाही. पुढचे दोन दिवस जे आडवे फोटो आले ते सगळे लांबून, पळत्या गाडीचे. पट्टी म्हणजे नुसता पिवळा फराटा.

तिला इंजिन उभं बघायचं होतं, उजेडात, हाताच्या अंतरावरून.

त्या दोन दिवसांत तिला काही सुचेना. भाकरीचा तुकडा ताटात तसाच राहायचा. बसली की उठायची, उठली की कशासाठी उठलो ते विसरायची. स्टुडिओत मॅचिंग लावताना, म्हणजे एकाच डिझाईनचे चार वेगळे रंग पाडताना, तिने दोनदा गुलाबीच्या जागी मेंदी टाकली. शेठ मनहरभाई मागून म्हणाले, "बेन, ध्यान क्यां छे?" ती म्हणाली डोळे दुखतात. शेठने डोळ्यांत टाकायचं औषध मागवून दिलं. माणूस वाईट नव्हता. चोर होता, पण तसे तर बाजारातले सगळेच होते.

हे एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. सुरतेत डिझाईन चोरलं असं कुणी म्हणत नाही. चालतंय असं म्हणतात. कुणाची साडी चालली की तिचा फोटो शेठ उज्ज्वलाच्या टेबलावर टाकणार आणि म्हणणार, आ बनावो, थोडो फेरफार करजो, म्हणजे हेच बनवा, जरा बदलून. ती बनवायची. फुलाचं तोंड फिरवायचं, वेलीला एक गाठ जास्त द्यायची, झाली नवीन साडी. तिच्या हाताखालून किती जणांची फुलं अशी तोंड फिरवून गेली याची गणती नव्हती. त्या फुलांची कुठे कुणी आई असेल हा विचार तिला कधी शिवला नाही. पोटाला लागतं, आणि सगळे करतात. आता तिचं स्वतःचं पान कुणीतरी नेलं तर आतून आग आग होत होती, आणि त्या आगीची तिला लाजही वाटत होती. ही दोन्ही एकदम झाली की माणूस एका जागी बसू शकत नाही.

मंगळवारी प्रशांतने ग्रुपवर टाकलं की इंजिन रिकामे डबे घेऊन भुसावळकडून येतंय, आणि एका एक्सप्रेसला पुढे काढायला त्याला चलथाणला बाजूच्या लाईनवर उभं करणार आहेत. ज्याला यायचं त्याने यावं. उज्ज्वलाने शेठला विचारलं नाही. चहा आला तेव्हा ती उठली, ओढणी खांद्यावर टाकली आणि जिना उतरली. कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रिक्षात चौथी म्हणून कोंबून बसली.

चलथाण स्टेशनच्या टोकाला ग्रुपमधले सात-आठ जण उभे होते. प्रशांतच्या गळ्यात हाताएवढ्या भिंगाचा कॅमेरा. योगराज रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. तिला बघून म्हणाला, "ये ताई, रुखवत बघायला बाया पाहिजेतच." सगळे हसले. तीही हसली. ओठांनी.

मग ते आलं.

खरं सांगायचं तर इंजिन सुंदर होतं. ग्रुपवर शिव्या देणारे सगळे गप्प झाले आणि कुणी कुणाकडे बघेना, कारण कबूल कोण करणार. आधी जमीन थरथरली, चपलेच्या तळव्यातून वर आली ती थरथर, मग तो खालचा, पोटातला आवाज, जो तारांवरच्या इंजिनाला जन्मात येणार नाही. लहानपणी हा आवाज आला की उज्ज्वला मामाचं बोट सोडून पळायची. इंजिन सावकाश पुढे येऊन थांबलं, आणि ती पट्टी तिच्या डोळ्यांसमोर, दुपारच्या लख्ख उजेडात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाकीचे नाकाकडे धावले. ती कुशीपाशी उभी राहिली आणि एकेक पान मोजल्यासारखं बघत चालली.

उलटं पान नव्हतं.

पुन्हा मागे आली. पुन्हा बघितलं. सगळी पानं सुतासारखी सरळ, देठ खाली, टोक वर. एकही चूक नाही. म्हणजे आपणच वेड्या. कपाशीचं बोंड काय तुझ्या बापाचं आहे, जगात कुणीही काढावं. दोन दिवस उपाशी राहिलीस, कामावरून पळून आलीस, कशासाठी.

आणि मग तिला बोंड दिसलं.

सगळी बोंडं एका ओळीत होती, आणि एक नव्हतं. ते बोटभर वर सरकलेलं होतं, उगाचच, काही कारण नसताना. पुढे गेली. ठरावीक अंतरावर आणखी एक, तसंच वर. आणखी एक. उलट्या पानाचं टोक खाली यायचं आणि शेजारच्या बोंडाला बुडाशी टोचायचं, म्हणून तिनेच त्या जागचं बोंड जरा वर घेतलं होतं. ज्याने कुणी हे उचललं, त्याला उलटं पान दिसलं, त्याला वाटलं काढणाऱ्याची चूक आहे, आणि त्या शहाण्याने पान सरळ केलं. पान सरळ केलं, पण बोंड खाली आणायचं राहिलं. चोराने घर झाडून दिलं होतं आणि स्वतःची चप्पल दारात विसरला होता.

ती प्रशांतकडे गेली. तो नाकाचे फोटो काढत होता.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

त्याने भिंगातून डोळा न काढता विचारलं, काय. तिने सांगितलं. गेल्या वर्षीचं रविवारचं चित्र, नाव कापलेलं, उलटं पान, वर सरकलेलं बोंड, सगळं. बाकीचे जमले. प्रशांतच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हिशेब आला. ज्याला त्याने अख्ख्या सुरतेसमोर रुखवत म्हटलं होतं, ते त्याच्याच पानावरून गेलं होतं, आणि तिथे खाली त्याचंच झक्कास लिहिलेलं होतं. हे बाहेर आलं तर ॲडमिनचं हसं. त्याने फोन काढला, अंगठ्याने काहीतरी केलं आणि परत खिशात ठेवला.

"ताई, बोंड वर आहे म्हणजे तुझं? रंगाऱ्याचा हात हलला असेल," तो म्हणाला. "पान-फूल कुणीही काढतं."

"तू आत्ता ते चित्र काढून टाकलंस."

"जुनं काय काय पडलेलं असतं, साफ करावं लागतं." मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आणि तू रोज काय करतीस गं? दुसऱ्याच्या बॉर्डरीच उचलतीस ना? मग तुझी कुणी उचलली तर एवढं रडायला काय झालं?"

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. योगराज खाली बघून बुटाने खडी ढकलत राहिला. एक्सप्रेस धडधडत निघून गेली, सिग्नल पडला, इंजिनाने हॉर्न दिला आणि तिची बॉर्डर तिच्या डोळ्यांसमोरून उधन्याकडे चालती झाली.

परत येताना रिक्षात तिला आईचा फोन आला. जेवलीस का विचारायला. उज्ज्वलाने काय झालं ते सांगून टाकलं, रिक्षातल्या अनोळखी लोकांसमोर, मोठ्याने. धुरपदाबाईला इंजिनातलं काही कळत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते तुन्हं शे ना? मंग सांग ना. तुले कोन्हं भेव शे?"

भीती कुणाची, हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. प्रशांतची नव्हती. शेठचीही नव्हती. ज्या फुलांची तोंडं तिने फिरवली होती, ती सगळी एका रांगेत उभी राहून तिच्याकडे बघतील, याची होती.

स्टुडिओत शिरली तेव्हा मनहरभाई तिच्याच खुर्चीशेजारी उभे होते. तिला वाटलं आता बोलणी बसणार. पण शेठ खुशीत होते. त्यांनी फोन पुढे केला. फोनवर प्रशांतचाच फोटो होता, रुखवतवाला, आणि त्याखाली कुणीतरी चलथाणहून नुकताच टाकलेला कुशीचा फोटो, लख्ख, पान अन् पान दिसणारा.

"उज्ज्वलाबेन, हमणां आ ज चाले छे," शेठ म्हणाले. सध्या हेच चालतंय; अख्खा बाजार या इंजिनावर हसतोय, म्हणजे अख्ख्या बाजाराने ही बॉर्डर बघितली आहे. लग्नसराईच्या आधी आपण साडीवर आणायची. गर्द निळी, चार मॅचिंग. त्यांचा आवाज खाली आला. थोडा फेरफार मात्र करायचा, उद्या कुणी बोट दाखवायला नको. "एक काम करो. वच्चे वच्चे एक पान ऊंधुं करी नाखो."

मधे मधे एक पान उलटं करून टाका.

उज्ज्वला त्यांच्याकडे बघत राहिली. शेठला वाटलं समजलं नाही, त्यांनी हाताने करून दाखवलं, तळहात वर, मग खाली.

ती बसली. फोटो मशीनवर घेतला, त्यावरून रेघ ओढली. पानं, बोंडं, सगळी. रेघ दोनदा पुसली. मग जिथे बोंड वर सरकलेलं होतं तिथलं पान निवडलं आणि उलटं केलं. देठ वर, टोक खाली. टोक येऊन बोंडाच्या खाली अलगद थांबलं. मधे केसाएवढी फट. कुलपात किल्ली बसते तसं.

शेठ मागून म्हणाले, "अरे वाह. आ तो एनी मेळे बेसी गयुं." आपोआप बसलं.

आपोआप काही बसत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने आधी दुसरं काम केलं. पडद्यावर डावीकडे इंजिनावरची पट्टी ठेवली, उजवीकडे उलट्या पानाची, आणि फोनने दोन्हींचा एकच फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं:

"ही बॉर्डर मी काढली. उज्ज्वला धुडकू महाजन, पांडेसरा. पान सरळ करणाऱ्याने बोंड सरळ केलं नाही, बघून घ्या. प्रशांतभाऊ विचारतात की मी रोज दुसऱ्यांच्या उचलते, त्याचं काय. उचलते. ती कुणाची ते मला माहीत नाही, कारण त्यांच्यातल्या कुणी कधी तोंड उघडलं नाही. म्हणून मी उघडते आहे. त्या दिवशीची हसण्याची बाहुली मी मागे घेते."

पाठवून झाल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छातीत अजून इंजिन उभंच होतं, चालू, रूळ मोकळा व्हायची वाट बघत.

"थयुं?" शेठने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. मग खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं. "शेठ, ही माझी आहे. आधीपासून माझी. त्या इंजिनावर माझ्याकडून गेली."

मनहरभाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग तर फारच छान, आता कुणाला भ्यायचंच कारण नाही. ते दाराकडे वळलेसुद्धा.

"ऐका ना. साडीच्या किनारीला आपण कंपनीचं नाव छापतो. हिच्या किनारीला माझं छापायचं. तसं जमत असेल तर फाईल देते."

शेठ थांबले. हसू तोंडावरच होतं, पण आता त्याच्या मागे कुणी नव्हतं. कारागिराचं नाव साडीवर, हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत पडद्याकडे. ती बघत असतानाच फाईल काढून घ्यायला त्यांचा हात माऊसकडे गेला. तिने माऊसवर आपला हात ठेवला.

टेबलावर फोन थरथरायला लागला. एकदा, मग लागोपाठ. वरती योगराजचं नाव दिसलं आणि त्याच्या निरोपाची पहिली ओळ: "ताई, मी पहिला हसनू, मी पहिला सांगस..." खाली आणखी येत होते, शिव्या असतील, शाबासकी असेल. तिने फोन उचलला नाही. शेठ अजून काही बोलले नव्हते, आणि तिने माऊसवरचा हात काढला नव्हता.